संवाद काढून टाकल्यावर: सत्यजित राय यांच्या ‘टू’चा प्रकरण अभ्यास

१९६४ हे सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’चं वर्ष. त्याच वर्षी त्यांनी बारा-पंधरा मिनिटांचा एक कृष्णधवल लघुपट केला: ‘टू’. अमेरिकन टेलिव्हिजनसाठी ‘एसो वर्ल्ड थिएटर’ नावाची मालिका होती आणि तिच्यासाठी भारतातून तीन छोटे चित्रपट हवे होते. एक रविशंकर यांच्या सतारीवर, एक मुंबईच्या बॅले पथकावर आणि एक राय यांचा. पैसा एसो या तेल कंपनीचा, प्रेक्षक अमेरिकेतला. राय यांच्याकडून मागणी अशी, की गोष्ट बंगालमधली असावी, पण चित्रपट इंग्रजीत असावा.

अभ्यासासाठी हा लघुपट घेण्याचं कारण ही मागणीच आहे. लघुपट करणाऱ्याच्या गळ्यात अशी एखादी अट असतेच. स्पर्धेची दहा मिनिटं, एकच घर, हौशी नट, नाहीतर साउंड रेकॉर्डिस्ट परवडत नाही. बहुतेक जण आधी ठरलेली गोष्ट तशीच ठेवतात आणि अट कशीबशी निभावून नेतात. ती ओढाताण पडद्यावर दिसतेच. ‘टू’मध्ये अटीतूनच गोष्टीचा सांगाडा निघाला आहे, म्हणून तो सुटा करून पाहता येतो.

पर्याय काय होते

मुलांच्या तोंडी इंग्रजी घालणं हा सरळ मार्ग. पण बंगल्यातला मुलगा एकवेळ इंग्रजी बोलेल, झोपडीतला कसा बोलेल? बंगाली ठेवून खाली इंग्रजी पट्टी दिली तर मागणी मोडते. निवेदक घातला तर जे दिसतंय तेच कानावरही पडत राहतं. राय मूकपटांचे चाहते होते. त्यांनी संवादच काढले.

नवा दिग्दर्शक इथेच घसरतो. तो संवादांची गोष्ट लिहितो आणि नंतर शब्द पुसतो. मग उरतात ते हातवारे. पात्रं भुवया उडवतात, खांदे पाडतात, भिंतीवरच्या फोटोकडे बघून सुस्कारे टाकतात. संवाद नको असतील तर बोलणं शक्य नाही किंवा बोलायची गरजच नाही अशी परिस्थिती आधी शोधावी लागते. ‘टू’मध्ये एक मुलगा घराच्या खिडकीत आहे, दुसरा बाहेर झोपडीपाशी. दोघांची ओळख नाही, मधे कुणी मोठं माणूस नाही. अशा दोन पोरांमध्ये पहिली देवाणघेवाण होते ती ‘बघ माझ्याकडे काय आहे’ एवढीच, आणि त्याला शब्द लागत नाहीत, वस्तू लागते. दोन पात्रं, समोरासमोरच्या दोन जागा आणि वस्तूंची फैर. पटकथेचा पाया एवढाच.

डाव कसे चढत जातात

श्रीमंत घरातला मुलगा एकटाच खेळतोय, हातात शीतपेयाची बाटली आहे. बाहेरून आवाज येतो म्हणून तो खिडकीशी जातो. खाली एक मुलगा बासरी वाजवतोय. हा खेळण्यातली पिपाणी आणतो आणि त्याच्यापेक्षा मोठ्याने फुंकतो. खालचा झोपडीत पळतो आणि छोटं ढोलकं घेऊन येतो. वरचा बॅटरीवर ढोल बडवणारं माकड दाखवतो. खालचा घरी केलेला मुखवटा आणि धनुष्यबाण आणतो. वरच्याकडे मुखवटेच मुखवटे, राक्षसाचा, काउबॉयचा. खालचा हिरमुसून आत जातो.

इथपर्यंत तीन फेऱ्या झाल्या आणि तिन्ही वरच्याने जिंकल्या. जिंकणारा बदलतच नाही, तरीही आपण का बघत राहतो, हे तपासण्यासारखं आहे. खालचा मुलगा झोपडीत गेला की आपल्याला ठाऊक नसतं तो काय आणणार. वरच्याचं मात्र ठरलेलं असतं: समोर जे आलं त्याचंच मोठं, महागडं रूप. खालचा दर वेळी प्रकार बदलतो (सूर, मग ताल, मग सोंग) आणि वरचा फक्त माप वाढवतो. शिवाय खालचा स्वतः वाजवतो. वरच्यासाठी माकड वाजवतं. कोण जिंकतंय यापेक्षा आता काय येणार याचं कुतूहल गोष्ट पुढे ओढतं. चढत जाणारी गोष्ट लिहिताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. एकाचं उत्तर आधीच ठाऊक असलं तरी चालतं, दोन्हींची उत्तरं ठाऊक झाली की प्रेक्षक उठतो.

झोपडीत जाऊन परत येण्याचा जो वेळ आहे तो संकलनात कापायचा मोह होतो, कारण त्यात ‘काही घडत नाही’. तो कापू नये. प्रेक्षक अंदाज बांधतो तो तेवढ्याच वेळात. फक्त पहिल्या खेपेला पुरेसा, दुसऱ्या खेपेला थोडा कमी आणि तिसऱ्या खेपेला अगदी थोडा द्यावा. पद्धत कळली की तीच लांबी कंटाळवाणी होते.

मग वरच्याला खिडकीतून आकाशात पतंग दिसतो. दोर त्याच मुलाच्या हातात आहे.

लघुपटाचं वळण हे आहे, आणि घाईने पाहणाऱ्याच्या नजरेतून ते निसटतं. पतंग ही चौथी फेरी नाही. खालचा मुलगा आता कुणाला काही दाखवत नाहीये, तो नुसता पतंग उडवतोय. स्पर्धा त्याच्यापुरती संपलेली आहे. शिवाय आकाश कुणाच्याच घरात मावत नाही, त्यामुळे वरच्याच्या कपाटात याला उत्तर नाही. आतापर्यंतचा हेवा निरुपद्रवी होता. आता तो गलोल उचलतो.

गलोलीचा नेम चुकतो. मग तो छऱ्यांची बंदूक आणतो आणि पतंग पाडतो.

गलोलीचा तुकडा काढला तर काय होईल? वेळ वाचेल, आणि कथाभाग तसाच राहील. पण पहिल्या फटक्यात बंदूक आली असती तर तो पोरकटपणा ठरला असता. नेम चुकल्यावर थांबायची संधी होती. तो थांबला नाही, आत गेला, बंदूक घेऊन आला. खेळता खेळता झालेली चूक आणि ठरवून केलेली इजा यांमधलं अंतर हा फसलेला प्रयत्न दाखवतो. कागदावर अनावश्यक वाटणारी, पण काढली की पात्राचा स्वभावच बदलणारी अशी एखादी कृती प्रत्येक चांगल्या लघुपटात सापडते. काटछाट करताना प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारावा: हा गेला तर पुढच्या कृतीचा अर्थ बदलतो का? ‘माहिती कमी होते का’ हा प्रश्न दुय्यम आहे.

खालचा रडवेला होऊन झोपडीत जातो. वरचा पुन्हा खेळण्यांत येतो, एकेक चालू करतो, खोलीभर गोंगाट. आणि त्या गोंगाटावरून बासरी ऐकू येते. तो बसून राहतो. खेळण्यातला रोबो चालत जाऊन ठोकळ्यांचा मनोरा पाडतो.

सुरुवात ज्या आवाजाने झाली तोच आवाज परत येतो, पण आता तो ऐकणारा मुलगा पहिल्यासारखा राहिलेला नाही. रोबोचा प्रसंग जरा जास्तच बोलका आहे, बासरीवर थांबलं असतं तरी भागलं असतं. मात्र त्याच्या बाजूनेही बोलता येतं. यंत्र चालू केलेलं आहे, मुलगा थांबला तरी ते थांबत नाही. या चित्रपटाकडे व्हिएतनाम युद्धाच्या संदर्भात पाहिलं गेलं आहे, आणि तेल कंपनीच्या पैशातून अमेरिकन प्रेक्षकासाठी हे बनलं हे लक्षात घेता त्यात मजाही आहे. पण तो अर्थ ठाऊक नसला तरी चित्रपट कुठेही अडत नाही. रूपकाचा लघुपट करणाऱ्यांनी एवढी कसोटी लावावी: सात वर्षांच्या मुलाला गोष्ट कळते का?

बिघडवून पाहू

चांगल्या गोष्टीत काय आहे हे कळायला तिच्यात पाच नेहमीच्या गोष्टी घालून पाहाव्यात. मराठी लघुपट स्पर्धांत या सर्रास दिसतात.

आईचा फोन घाला: ‘बाळा, मला उशीर होईल, फ्रिजमध्ये जेवण आहे.’ मुलगा एकटा आहे हे आधीच दिसतंय. फोनमुळे त्याच्या वागण्याला कारण मिळतं आणि आपण त्याला माफ करायला लागतो. वॉचमन घाला, खालच्या मुलाला हुसकावणारा. लगेच दोष वॉचमनकडे जातो आणि खिडकीतला मुलगा सुटतो. तिसरं पात्र आलं की जबाबदारी वाटली जाते. छोट्या लांबीत ते परवडत नाही, कारण वाटलेली जबाबदारी पुन्हा गोळा करायला वेळच नसतो.

शेवटी वरचा मुलगा नवा पतंग घेऊन खाली येतो आणि दोघं मिळून उडवतात, हा शेवट तर कुणालाही सुचेल. पण आख्ख्या चित्रपटात दोघं एकमेकांच्या जागेत पाऊल टाकत नाहीत. ती भिंत शेवटच्या मिनिटात मोडायची तर मोडण्याची किंमत दाखवावी लागेल, आणि ती दाखवायला आणखी एक लघुपट लागेल. त्याहून वाईट म्हणजे काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत सामाजिक संदेश. तो वाचून प्रेक्षकाला एवढंच समजतं की दिग्दर्शकाचा आपल्या दृश्यांवर भरवसा नव्हता.

पतंग पडल्यावर करुण व्हायोलिन घालणं हा पाचवा प्रकार. राय यांनी संगीत स्वतःच केलं होतं. इथे बासरी आणि पिपाणी ही पात्रांच्या हातातली वाद्यं आहेत. वरून दुसरं संगीत जितकं घालाल तितका शेवटच्या बासरीचा प्रभाव कमी होतो, कारण प्रेक्षक तिलाही पार्श्वसंगीत समजतो. मग ती मुलाला ऐकू येतेय हेच कळत नाही आणि शेवट कोसळतो.

असा आराखडा आज उभा करायचा तर

समोरासमोरच्या दोन जागांचा मोठा फायदा हा, की त्या खरोखर समोरासमोर असायची गरज नसते. खिडकी सदाशिव पेठेत आणि झोपडी हडपसरला असली तरी चालेल. जोडते ती नजर. म्हणून सगळ्यात जास्त चुका नजरेतच होतात.

आधी ठरवून टाका: वरचा मुलगा फ्रेममध्ये उजवीकडे आणि खाली बघेल, खालचा डावीकडे आणि वर. हे एकदा उलटलं की दोघं एकाच दिशेला तिसऱ्याच कुणाकडे बघताहेत असं वाटतं, आणि ते संकलनात दुरुस्त होत नाही. फ्रेम उलटी फिरवून वेळ मारून नेता येते, पण शर्टाची बटणं आणि केसांचा भांग चुगली करतात. शूटिंगला दुसरा मुलगा हजर नसेल तर काठीला रंगीत फडकं बांधून नेमक्या उंचीवर एक माणूस उभा करावा. ‘तिकडे बघ’ म्हटलं की लहान मूल कॅमेऱ्याशेजारच्या माणसाच्या तोंडाकडे बघतं. पहिल्या मजल्याची खिडकी म्हणजे जमिनीपासून साधारण बारा-चौदा फूट. दोन्हीकडच्या कॅमेऱ्याचा कोन त्या उंचीशी जुळवावा. वरच्याच्या नजरेतून दिसणारा शॉट बाकीच्या शॉटपेक्षा थोड्या लांब (दूरचं जवळ आणणाऱ्या) लेन्सने घेतला तर तो ‘कुणीतरी बघतंय’ असा वाटतो.

शॉटचा अंदाज असा. प्रत्येक फेरीला किमान पाच: बघणं, दिसणं, आत जाणं, घेऊन येणं, प्रतिक्रिया. तीन फेऱ्यांचे पंधरा. सुरुवातीला आठेक. पतंग, गलोल, बंदूक यांना पंधरा ते वीस. शेवटाला दहा. म्हणजे पन्नासच्या आसपास. मोठ्या नटांसोबत दोन दिवसांचं काम, मुलांसोबत चार दिवस धरा. कायदाही तेच सांगतो. बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही, आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ‘आपलाच पुतण्या आहे’ म्हणून परवानगी टाळणारे पुष्कळ आहेत. तसं करू नये.

मुलांकडून ‘दुःखी हो’ असं करून घेता येत नाही. कृती द्यावी: हा दोर गुंडाळ, मागे न बघता दारापर्यंत जा. चेहरा आपोआप गंभीर होतो, कारण मूल कामात असतं. एका जागेपुरतं तरी गोष्टीच्या क्रमानेच शूट करावं, म्हणजे आधीच्या फेरीतली खरी चुरस पुढच्या फेरीत उतरते.

प्रकाशाची अडचण खिडकीची. आतला चेहरा आणि बाहेरचं ऊन यांत चार-पाच स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) सहज पडतो. चेहरा नीट दिसतो तेव्हा बाहेर सगळं पांढरं होतं, बाहेरचं सांभाळलं तर चेहरा काळवंडतो. काचेला एनडी जेल, म्हणजे उजेड कमी करणारा राखाडी पारदर्शक कागद, लावणं हा खर्चिक उपाय. स्वस्त उपाय असा, की आत आणि बाहेर एकाच शॉटमध्ये दाखवायचंच नाही. दोन शॉट वेगळे, दोन एक्स्पोजर वेगळी, आणि मघाची नजर दोन्ही जोडते. कृष्णधवल करणार असाल तर पतंगाची चाचणी आधी घ्या. लाल आणि हिरवा हे रंग राखाडीत सारखेच दिसू शकतात आणि पांढरा पतंग उजळ आकाशात हरवतो. गडद पतंग, फिकं आकाश.

पतंग पडण्याच्या शॉटसाठी एकाच रंगाचे दहा-बारा पतंग लागतात. खरा छरा कधीही मारू नये. बंदुकीची नळी आणि पतंग एका फ्रेममध्ये येताच कामा नयेत. बंदूक, चेहरा, आधीच फाडून ठेवलेला पतंग, सैल पडलेला दोर एवढ्या चार तुकड्यांत काम होतं. साधा सुती दोरा वापरावा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून बंदी आहे. आणि वारा दिग्दर्शकाचं ऐकत नाही. पतंगाचे शॉट दोन वेगवेगळ्या दुपारी विभागून ठेवावेत.

आवाज

संवाद नाहीत म्हणजे साउंडचं काम कमी, असं निर्माता समजतो. प्रत्यक्षात ते दुप्पट होतं. शूटिंगच्या वेळचा आवाज फक्त मार्गदर्शक म्हणून ठेवावा आणि प्रत्येक खेळण्याचा आवाज वेगळा, जवळून, किमान मिनिटभर रेकॉर्ड करावा. चालू होताना, चालताना आणि थांबताना. खोलीची आणि बाहेरची शांतताही अर्धा अर्धा मिनिट घ्यावी, नाहीतर दोन शॉटच्या सांध्यात आवाजाला भोकं पडतात.

शेवटचं मिक्सिंग हे सगळ्यात नाजूक काम. बासरी गोंगाटावरून ऐकू यायला हवी, पण गोंगाट खरा राहायला हवा. बासरीचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) वर ढकलला की ती खोलीतच वाजतेय असं वाटतं, दूर झोपडीत नाही. त्याऐवजी खेळण्यांच्या आवाजात फटी ठेवाव्यात. माकडाच्या दोन थापांमध्ये, रोबोच्या दोन पावलांमध्ये आधी बासरीचा एखादाच सूर डोकावावा. मग खेळण्यांच्या ट्रॅकमध्ये बासरीच्या पट्टीपुरता आवाज इक्वलायझरने (ठरावीक पट्टीतला आवाजच कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) थोडा खाली घ्यावा. बासरीला बाहेरचा किंचित घुमारा द्यावा आणि तिचे वरचे तीक्ष्ण स्वर थोडे कापावेत. मुलाने ऐकल्याचा शॉट कधी लावायचा हेही इथेच ठरतं. प्रेक्षकाला बासरी ऐकू आल्यानंतर दीड-दोन सेकंदांनी मुलाची मान वळली तर प्रेक्षक मुलाची वाट बघतो. मान आधी वळली तर प्रेक्षक कान देतो. दोन्ही चालतं. एकाच क्षणी दोन्ही घडलं तर मात्र काहीच वाटत नाही.

लांबी

३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. पंधरा मिनिटांचा चित्रपट म्हणजे १,३५० फूट, आणि चारास एक या हिशेबाने (अंतिम चित्रपटाच्या चौपट) शूट केलं तरी ५,४०० फूट कच्ची फिल्म. त्या काळात शॉट आधी डोक्यात पक्का करावा लागे तो यामुळे. आज कार्डवर कितीही मावतं, म्हणून विसास एक शूट होतं आणि संकलकाच्या टेबलावर पाच तासांचा माल येतो. मग लांबी गोष्टीऐवजी मालावरून ठरते.

ऑस्करला लघुपट ४० मिनिटांपर्यंत चालतो आणि कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत १५ मिनिटांपर्यंत, दोन्हीकडे श्रेयनामावलीसकट. म्हणजे दोन मिनिटांची आभारयादी कानमध्ये थेट गोष्टीतून वजा होते. पण कमाल मर्यादेपर्यंत ताणायची सक्ती नाही. ‘टू’च्या धर्तीवर काही करून पाहणाऱ्यांनी कच्चं संकलन झाल्यावर चित्र झाकून नुसता आवाज एखाद्या त्रयस्थाला ऐकवावा आणि विचारावं, फेऱ्या किती झाल्या आणि भांडण कुठे चिघळलं. नंतर दुसऱ्या कुणाला आवाज बंद करून नुसतं चित्र दाखवावं आणि तेच विचारावं. जिथे दोघांची उत्तरं जुळत नाहीत, तिथला सांधा संकलनाच्या टेबलावर पुन्हा उघडावा.